पाठमोरे बाबा

चहा कपात पडला नाही, कपाच्या शेजारी पडला. बोटभर अंतरावरून धार खाली जात होती आणि धाकटी, किटली तिरकी धरून, निवांत ओतत होती, कारण तिच्या लेखी तो कपातच पडत होता. "अहो, अहो!" करत मुख्याध्यापिकाबाई उठल्या. टेबलक्लॉथ भिजला, मग बाईंची पर्स भिजली, मग वहिनी आतून फडकं घेऊन धावत आली. दादा जागचा हलला नाही. स्वतःच काढलेल्या चित्राखाली, स्वतःच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून तो बसला होता. त्यानं एकदा किटलीकडे बघितलं, एकदा कपाकडे, आणि मग बराच वेळ धाकटीकडे. "हात सटकला," धाकटी म्हणाली. "सटकणारच की," वहिनी टेबल पुसता पुसता म्हणाली, "जन्मभर मातीची ढेकळं उचलणारे हात ते. कपबशीची सवय कुठून असणार आमच्या वन्संना?" बाई हसल्या, वहिनी हसली. हसा, धाकटी मनात म्हणाली, दात पडेपर्यंत हसा. पन्नाशी उलटली तरी या घरात ती धाकटीच होती. बाबांनी पाडलेलं ते नाव, खालचा मजला, आणि अधूनमधून वरच्या मजल्यावर चहाला यायची शिक्षा, एवढंच बाबांच्या मागं तिच्या वाट्याला आलं होतं.

डावा डोळा जाऊन काही महिने झाले होते आणि ती स्वतः व डोळ्यांचा डॉक्टर सोडून ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती. एका सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यातून काळा पडदा वर चढायला लागला. त्या दिवशी एका पुतळ्याचं प्लास्टरचं ओतकाम होतं आणि एकदा कालवलेलं प्लास्टर कुणाच्या बापासाठी थांबत नाही, म्हणून ती म्हणाली, उद्या जाऊ. उद्या उद्या करता पडदा पुरता पडला. डॉक्टर पोरगेलासा होता, गोड बोलणारा. "दुसरा डोळा उत्तम आहे, मावशी. हळूहळू सवय होईल. अंतराचा-खोलीचा अंदाज थोडा जाईल, बाकी काही नाही." बाकी काही नाही! अरे बाबा, बाकी होतंच काय? आचाऱ्याला सांगावं की तुझी जीभ गेली, बाकी तब्येत ठणठणीत आहे, तसं ते झालं. ती घरी आली आणि येतानाच जिन्याची शेवटची पायरी तिला फसवून गेली. जग उठून भिंतीला चिकटलं होतं. रस्त्यावर माणसं एकमेकांच्या पुढं-मागं चालत नव्हती, एकाच्या खांद्यातून दुसरं निघत होतं. दाराची कड दारातच मुरलेली, सुईचं भोक हवेत कुठंतरी. मान कोंबडीसारखी इकडून तिकडं हलवली की वस्तू जराशा सुट्या व्हायच्या, हे तिला लवकरच कळलं. पण हे ती एकटी असतानाच करायची. कुणासमोर कोंबडी होण्यापेक्षा चहा सांडलेला बरा.

आणि आता ओला टेबलक्लॉथ वहिनीनं ओढून नेल्यावर तिची नजर दादाच्या डोक्यावरच्या चित्राकडे गेली आणि तिथंच अडकली. चित्र जुनंच होतं. बाबा खुर्चीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मागं अंधारी भिंत. बाबा शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी दर सुट्टीच्या दिवशी दादासमोर बसायचे. दादा एका जागी, बाबा एका जागी, मधे कुणी खोकायचंसुद्धा नाही. चित्र पुरं झालं तेव्हा अख्खं नातेवाईक मंडळ बघायला जमलं होतं आणि सगळे अहाहा करून थकल्यावर धाकटी म्हणाली होती, "छान. बाबांना इस्त्री करून टांगलंय." ते वाक्य नात्यागोत्यात वर्षानुवर्षं फिरलं. दादा दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. पण ती बोलली ते अगदी मनापासून बोलली होती. तिचं ठाम मत होतं की चित्र म्हणजे एका जागी बसून केलेली चहाडी, जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं आणि वर खरं म्हणून मिरवायचं. चित्रकारांना ती सरसकट 'भिंतीवरचे लोक' म्हणायची. आणि आज त्याच इस्त्री केलेल्या बाबांचे गुडघे भिंतीतून पुढं आले होते. हातांना वजन होतं. खुर्चीची पाठ आत आत जात होती आणि तिच्यामागं अंधार होता, त्या अंधारात हात घालता आला असता. दोन डोळे होते तोवर ते दोघं मिळून सांगायचे की हे कापड आहे, रंग आहे, फसू नकोस. एकट्या डोळ्याला ते सांगता येईना, तो बिचारा फसला. आणि चित्राखाली बसलेला जिताजागता दादा मात्र कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. जिवंत दादा सपाट, मेलेले बाबा भरीव. तिला इतका संताप आला की किटली उचलून त्या चित्रावरच फेकावी. पण ती नेमकी लागली नसती, म्हणून तिनं ती खाली ठेवली.

बाई आल्या होत्या कामासाठी. शाळेनं नवीन सभागृह बांधलं होतं आणि त्याला बाबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाचं नाव सभागृहाला, म्हणजे केवढा मान! रंगमंचाच्या बाजूला भिंतीत एक मोठा कोनाडा मुद्दाम ठेवला होता. "आता कसंय," बाई पर्स पुसत म्हणाल्या, "हे चित्र तर आहेच, किती सुंदर! पण आमच्या एका विश्वस्तांचं म्हणणं, अर्धपुतळाच हवा. तुम्ही दोघं सरांचीच मुलं, दोघंही एवढे कलाकार. मी म्हटलं, भांडण नको. ताईंनी पुतळा करावा, आम्ही दोन्ही बघू आणि एक ठरवू. कोनाड्यात काय, दोन्ही बसेल." भांडण नको म्हणून भांडणाची तारीख ठरवणारी बाई धाकटीनं पहिल्यांदाच बघितली. दादा हसला. "करू दे की. आतापर्यंत गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांची डोकी करून झाली, एकदा बाबांचंही होऊ दे." "पण सरांनी ताईंसमोर कधी बैठक दिली होती का?" बाईंनी विचारलं. "नाही," धाकटी म्हणाली, "मला गरज नाही लागत." तिनं होकार दिला. त्या क्षणी तिला डोळा नव्हता, बाबांचं माप नव्हतं, धड फोटोही नव्हता. होता तो फक्त राग, आणि रागावर तिनं आयुष्यात बरीच कामं तडीस नेली होती.

बाबांनी तिच्यासमोर बैठक दिली नाही याचं कारण एक बटाटा होता. दोघं भावंडं लहान असताना बाबा टेबलावर बटाटा ठेवायचे आणि समोर दोघांना बसवायचे. "एक डोळा मीट, हात ताठ, पेन्सिल उभी धर, अंगठ्यानं माप घे." त्या घरात अक्षरं गिरवायच्या आधी एक डोळा मिटायला शिकवलं जायचं. दादा बसायचा. दगडासारखा बसायचा, आणि त्याच्या कागदावर बटाटा उतरायचा, सावलीसकट. धाकटी उठायची. तिला मागून बघायचं असायचं. मागच्या बाजूला बटाट्याला कोंब होता, तो कागदावर कसा येणार? "खाली बस," बाबा म्हणायचे. "जिथं बसलीस तिथून दिसतं तेवढंच तुझं. बाकीचं तुझं नाही." ती बसायची आणि पुन्हा उठायची. एकदा बाबांनी तिचा कागद टराटरा फाडला आणि आईला म्हणाले, "हिच्या बुडाला चाकं आहेत. ही चित्रकलेची माती करणार." आणि दादा हसला होता, बटाट्यावरची नजर न हलवता हसला होता. पुढं तिनं खरोखरच माती हातात घेतली तेव्हा बाबा तिच्या कामाच्या खोलीत फारसे आलेच नाहीत. आले की दारात उभे राहायचे. "बैस ना बाबा, डोकं करते तुझं," असं ती एकदा म्हणाली होती. "माझ्याभोवती घिरट्या घालणार तू," बाबा म्हणाले, "मला नाही सहन होत कुणी मागं उभं राहिलेलं." आणि ते वर गेले, दादासमोर बसायला.

पण मागची बाजू तिचीच होती, आणि ते बाबांना माहीतच नव्हतं. शाळेत जाताना सायकलवर पुढच्या दांडीवर दादा बसायचा आणि मागच्या कॅरियरवर ती. दादाला पुढं रस्ता दिसायचा, दुकानं दिसायची, कुत्री दिसायची. तिला फक्त बाबांची मान दिसायची. वर्षानुवर्षं मान. कॉलरच्या वर दोन वळ्या, खालची खोल, वरची अर्धवट, डावीकडे पोचायच्या आधीच पुसून गेलेली. उजव्या कानामागं एक खळगा, त्यात घामाचा थेंब अडकून राहायचा. चढ आला की वळ्या मिटायच्या, उतारावर उघडायच्या. झोप आली की ती कपाळ त्या मानेला टेकायची, आणि बाबा म्हणायचे, "अंगाला चिकटू नकोस, तोल जातो." तोल कधीच गेला नाही. समोरून बाबा कसे दिसायचे हे तिला आठवायचं तेव्हा त्यात राग असायचाच, फाटलेला कागद असायचा. पाठमोरे बाबा मात्र तिला कधीच काही बोलले नव्हते. त्या मानेवर तिचा जीव होता, आणि ती मान जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हती.

तिनं तारेचा सांगाडा वळला, माती चढवली, आणि सुरुवात मानेपासून केली. लोक चेहऱ्यापासून करतात, करू देत. मानेला डोळा लागलाच नाही. तिनं कपाळ जवळ नेलं, जवळजवळ टेकवलंच, आणि वळ्या आपसूक जागच्या जागी बसल्या. इतकं सोपं गेलं की तिला वाटलं, झालं, जिंकले, डोळा गेला उडत. मग ती पुढं आली, आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. कोरणी मातीला लागायच्या आधीच ती दाबायची, किंवा लागल्यावरही पुढं जायची. नाक एकदा असं उडालं. दोन टोकांमधलं अंतर धरणाऱ्या चिमट्यानं माप घेता आलं असतं. पण बाबांचं डोकं मापायला राहिलं नव्हतं, दादाचं हुबेहूब बाबांवर गेलेलं होतं आणि त्याच्यासमोर चिमटा घेऊन जाण्यापेक्षा तिनं जीव दिला असता. शिवाय चिमटा शिकाऊंसाठी असतो असं ती आयुष्यभर सांगत आली होती. फिरायचं म्हटलं तर फिरताना बाकाचा कोपरा मांडीत घुसायचा, खोली डोलायची, एकदा फळीवरचा प्लास्टरचा हात धक्का लागून फुटला. म्हणून तिनं हळूहळू फिरणं सोडलं. तिकडं लक्षही गेलं नाही तिचं. ती एका जागी उभी राहायची, समोरून चेहरा बरोबर होईपर्यंत कोरायची. मग फिरतं स्टूल पाव वळसा फिरवायची, कानाची बाजू बरोबर होईपर्यंत कोरायची. मग दुसरी बाजू. समोरून बाबा हुबेहूब होते, कपाळावरची नाराजीसुद्धा. बाजूनं नाकाची रेघ चोख. तिनं ओलं फडकं टाकलं आणि कित्येक आठवड्यांनी नीट जेवली.

दादा खाली आला तो पाण्याच्या पंपाची चावी मागायला. पंपाची चावी वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावरच असते, हे दोघांनाही माहीत होतं. तो दारात उभा राहिला, बाबा उभे राहायचे तसाच, आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. फडकं काढलेलं होतं. तो बराच वेळ बघत होता, आणि तिच्या मनात आलं की आलाच आहे तर याच्या तोंडावरून कपाळ-हनुवटीचं प्रमाण एकदा ताडून घ्यावं, फुकटचं माप आहे. तिनं हात ताठ केला, कोरणी उभी धरली, अंगठा सरकवला, आणि माप घेतलं. लहानपणापासून हजारो वेळा घेतलं होतं तसं.

दादा म्हणाला, "डोळा नाही मिटलास."

"काय?"

"माप घेताना. डोळा मिटला नाहीस तू." त्याचा आवाज चोर पकडलेल्या माणसाचा होता, पण त्यात विजय नव्हता, आणि ते तिला जास्त टोचलं. "कुठला गेलाय?"

खोटं बोलायला तिला वेळच मिळाला नाही. दुसरा कुणी असता तर त्याला काय कळणार होतं? माप घेताना डोळा मिटायचा असतो हे जगात कितीजणांना ठाऊक असतं, आणि तो न मिटलेला कुणाच्या लक्षात येतो? दोनच माणसांच्या. त्यातला एक मेला होता. "डावा," ती म्हणाली.

"कधी?"

"तुला काय करायचंय? चावी हवी होती ना तुला?"

"तरीच चहा," तो म्हणाला. मग त्यानं पुतळ्याकडे बोट केलं. "तिरकं उभं राहून बघितलंयस का हे? मी उभा आहे इथून?"

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. कोपरा पडलाय गालाला. खोक्याला असतो तसा. कोनाड्यात ठेवणार आहेत ना? मग काही नाही. भिंतीला टेकवून ठेव. समोरून बघतील लोक. समोरून उत्तम आहे."

"समोरून!" ती ओरडली. "समोरूनच बघायचं असतं तर तुझं चित्र काय वाईट होतं?"

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला, आणि वर निघून गेला. त्याच्या पायांचा आवाज जिन्याच्या टोकापर्यंत तिनं ऐकला. असा भाऊ वैऱ्यालाही नको, असं ती मोठ्यानं म्हणाली, खोलीत कुणी नसताना.

मग ती दारात, तो उभा होता तिथं, जाऊन उभी राहिली. मान हलवली, कोंबडीसारखी, लाज न बाळगता हलवली. आणि कोपरा दिसला. समोरचा चेहरा बाजूच्या चेहऱ्यात वळत नव्हता, समोरचा संपत होता आणि बाजूचा सुरू होत होता, मधे धार. गाल गोल नव्हताच. डोळ्यांच्या खोबणी खोल नव्हत्या, खोल असल्यासारख्या काढलेल्या होत्या. तिनं बाबांची तीन चित्रं केली होती आणि कडेला जोडली होती. आयुष्यभर ज्यांची टिंगल केली त्यांच्याहून वाईट, त्यांनी निदान एकच केलं असतं. एका जागी बस, बाबा म्हणाले होते. घे, बसले एकदाची, बघ काय झालं ते! ती पाटावर बसली आणि तिला रडू आलं. दोन्ही डोळ्यांतून आलं, मेलेल्यातूनसुद्धा. या कामाला मेहनत कमी पडली नव्हती, की सुधारायला वेळ मागता येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई येणार होत्या, आणि वेळ असता तरी कोपरा मोडून जो गोल यायला हवा तो तिला दिसणारच नव्हता. तिनं माती भिजवली, फडकं टाकलं. आणि संध्याकाळी, शिव्या देत, तिनं स्टूल ढकलत ढकलत नेऊन भिंतीला टेकवलं. दादानं सांगितलं होतं तसं. बाबांची मान भिंतीकडे गेली.

बाई आल्या त्या अर्धपुतळाच हवा म्हणणाऱ्या टकल्या विश्वस्तांना घेऊन. ते बाबांचे जुने विद्यार्थी होते, आता कसलेसे कारखानदार. मागून वहिनी आली, आणि शेवटी दादा. तो आज आत आला, पण बरोबर समोर न येता खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, जिथून तो कोपरा अगदी उघडा दिसत असणार. धाकटीनं फडकं काढलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. "सर!" विश्वस्त म्हणाले, आणि नकळत त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "आता विचारतील बघा, रंगपेटी आणली का म्हणून." वहिनीनं डोळ्यांना पदर नाही लावला, पण नाक ओढलं. "बाई, ठरलं," विश्वस्त म्हणाले. "चित्र चित्रच असतं हो. हे बघा, माणूस उभा केलाय ताईंनी." धाकटीला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते नेमकं त्या शब्दांत, नेमकं दादाच्या देखत कुणीतरी बोललं होतं, आणि तिला ते तोंडात खडा आल्यासारखं लागलं. बाई दादाकडे वळल्या. थोड्या ओशाळल्या होत्या. "तुमचं काय मत? तुम्ही तर सरांना सर्वांत जवळून बघितलंय."

धाकटी दादाकडे बघत होती. सांग आता, ती मनात म्हणाली, सांग रे, तुझा दिवस आहे आज, इस्त्रीचा सूड घे. दादानं पुतळ्याकडे बघितलं. "छान झालंय," तो म्हणाला. "समोरून तर बाबाच."

दया. तो तिच्यावर दया करत होता. पन्नास वर्षांचं वैर, कमावलेलं, जपलेलं, एकमेकांच्या तोडीचं वैर, आणि या माणसानं ते एका क्षणात भिकेच्या वाडग्यात टाकलं होतं. आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात तसं. ती तरातरा पुढं गेली, अंतर चुकलं, गुडघा स्टुलावर आपटला. तिनं स्टूल दोन्ही हातांनी धरून खसकन भिंतीपासून ओढलं. "अहो ताई, जपून," बाई म्हणाल्या. "समोरून काय बघता?" धाकटी म्हणाली. "पुतळा आहे हा. चारी बाजूंनी बघायचा असतो. बघा!" आणि तिनं तो फिरवला. बाबा हळूहळू वळले. नाराज कपाळ वळलं, आणि मग तो कोपरा आला, दुपारच्या उन्हात धारदार, कपाळापासून जबड्यापर्यंत. विश्वस्तांच्या चेहऱ्यावरचा विद्यार्थी निघून गेला. "उजेडामुळे तसं दिसत असेल," बाई म्हणाल्या. "उजेडाचा काही दोष नाही," धाकटी म्हणाली. "चुकलंय. मला एका डोळ्यानं दिसत नाही. चित्र न्या तुम्ही. चांगलं आहे ते. त्यात बाबा बसलेले दिसतात." वहिनी म्हणाली, "अगंबाई! वन्सं!" आणि तिच्या तोंडून पुढं काहीच आलं नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

मंडळी वर गेली, चित्र बघायला. जिन्यावर बाईंचा कुजबुजता आवाज, वहिनीचा त्याहून मोठा. दादा गेला नाही. तो खिडकीपाशीच उभा होता आणि आता त्याचा चेहरा लाल झाला होता. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" तो म्हणाला. "गप्प बसायला काय झालं होतं? जिंकली होतीस ना?"

"तू का गप्प बसलास?"

"मग काय करू? आंधळीला हरवू?" तो ओरडला. "बाबांनंतर एकच माणूस होतं या जगात, ज्यानं माझ्या चित्राला नावं ठेवली की मला झोप यायची नाही. दोन डोळ्यांची तू हवी होतीस मला. त्या बयेला हरवायचं होतं मला. आता काय, कुणाला हरवू?"

"माझ्यावर ओरडू नकोस माझ्या खोलीत," ती म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. खरं तर इतक्या वर्षांत दोघं एका खोलीत इतका वेळ बोलले नव्हते.

तो तावातावानं दाराकडे निघाला, आणि जाता जाता पुतळ्याच्या मागं थबकला. स्टूल अर्धवट फिरून थांबलं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून होते. धाकटीला आधी वाटलं, अजून एखादी खोड काढतोय. पण तो हलेना. त्यानं सवयीनं एक डोळा मिटला. मग उघडला. मग पुन्हा दोन्ही डोळ्यांनी बघत राहिला, जरा डावीकडे सरकला, जरा उजवीकडे. दादा, जो बटाट्यासमोरून कधी हलला नव्हता.

"ह्या वळ्या," तो म्हणाला, "खऱ्या आहेत? अशाच होत्या?"

"अशाच."

"वरची मधेच संपते ती?"

"मधेच संपायची."

"मला का माहीत नाही?" त्याच्या आवाजातला राग अजून उतरला नव्हता, पण तो आता कुणावर आहे हे त्याला कळत नसावं. "एवढे महिने ते समोर बसले माझ्या. केस न् केस काढलाय मी."

"तू दांडीवर बसायचास," धाकटी म्हणाली.

त्यानं हात पुढं केला, मानेकडे, रंगाचे डाग पडलेला म्हातारा हात. धाकटीनं बघितलं. हात मातीपाशी गेला, मातीवर गेला, आणि तिथं थांबला. मातीला टेकला, की बोटभर अलीकडेच राहिला, तिला कळेना. दोन्ही एकाच भिंतीवर होते, हात आणि मान. स्वतःची मान हलवून बघता आलं असतं, पण तिनं हलवली नाही.

"लागला का रे?" तिनं विचारलं.

दादानं वळून तिच्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःला न दिसणारं काहीतरी त्याला विचारत होती.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

"मग लाव की," ती खेकसली. "माती वाळतेय."